माझा नवा खर्ज

४ फेब्रुवारी
आज तालमीत चमत्कार झाला. खालचा सूर लागला, आणि तोही मला. तीस वर्षं गावच्या पुरुषांच्या कॉयरमध्ये टेनरवाल्यांच्या रांगेत उभा राहून वरच्या पट्टीत किंचाळणाऱ्या एमलिन प्रॉसरला. आजोबा खर्जात गायचे, बाबाही खर्जात. बाबा स्लेटच्या खाणीत खोकले तरी चॅपलमध्ये ऐकू यायचं. घराण्यात मीच तेवढा पातळ निघालो होतो. आता नाही.
घरी येऊन मेन्नाला गाऊन दाखवलं. म्हणाली, घसा बसलाय, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. बायकोला नवऱ्याचं कौतुक नसतंच.

११ फेब्रुवारी
गोरोन्वीला सांगितलं, मला खर्जवाल्यांत घे. गोरोन्वी आमचा कंडक्टर, गणिताचा निवृत्त मास्तर. अजूनही माणसाकडे चुकलेल्या उत्तरासारखा बघतो. म्हणाला, खर्जवाले या खोऱ्यात मेंढ्यांइतके आहेत, टेनर तीनच उरलेत आणि त्यातला एक बहिरा. गप जागेवर उभा राहा.
जळतो.

२ मार्च
काल आमच्या संताच्या सणाचा, सेंट डेव्हिडच्या दिवसाचा कार्यक्रम. वरच्या सुराला तोंड उघडलं, आवाज आलाच नाही. गोरोन्वी नंतर भडकला. मी शांतपणे समजावलं की वरचा मजला मी सोडलाय, आता तळमजल्यावर राहतो. हसला नाही, पण यापुढे मागच्या रांगेत आयफोर खाटकाशेजारी उभा राहा म्हणाला. खर्जात! बाबा असायला हवे होते.
संकल्प: सिगारेट अजिबात सोडायची नाही. मेन्ना सोड सोड म्हणते, पण हा आवाज पिकला कशाने? इतक्या वर्षांच्या धुरानेच ना? सोडली आणि टेनर परत आला तर काय घ्या? व्हिस्कीचंही तेच. कलेसाठी माणसाने सोसावं.

२७ मार्च
मेन्नाने परस्पर डॉक्टरची वेळ घेतली. मी परस्पर रद्द केली. तिला सांगितलं, दवाखान्यानेच रद्द केली. दवाखान्यांची सध्याची तऱ्हा बघता तिला लगेच पटलं.

१५ एप्रिल
उजवा कान दुखतो. कारण उघड आहे. आयफोर उजवीकडे उभा असतो आणि बैलासारखा गातो. जागा बदलून घेणे.

२९ एप्रिल
जागा बदलली. आयफोर आता डावीकडे. कान मात्र उजवाच दुखतो. हट्टी आहे.
टोस्टही घशाला टोचतो. मेन्ना फार कडक भाजते. तसं तिला सांगितलं. एरवी भांडली असती, आज टोस्टच्या कडा कापून दिल्या.

१३ मे
तालीम संपल्यावर गोरोन्वीने बाजूला घेतलं. माझ्या मनात आलं, आता ऑगस्टच्या स्पर्धेत एकट्याने गायला सांगणार. तो म्हणाला, "एमलिन, हा खर्ज नाही गड्या. नुसती हवा येते. माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आता तो गळ्यातल्या भोकातून श्वास घेतो."
मी म्हटलं, तुझ्या भावाला गाता कुठे येत होतं. बोललो आणि वाईट वाटलं. मला न्यायला आलेली मेन्ना दाराशी उभी राहून ऐकत होती.

१४ मे
मेन्नाने स्वतः दवाखान्यात नेलं. गाडीची किल्ली तिच्याकडे, दवाखान्यात खुर्ची दाराजवळची तिच्याकडे. डॉक्टरने आवाज ऐकून लगेच मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं ठरवलं. आवाजात काहीतरी खास असल्याशिवाय एवढी घाई कोण करतं?

२८ मे
मोठं हॉस्पिटल. नाकातून कॅमेरा घशात. पडद्यावर माझे स्वरतंतू दिसले. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, गोरोन्वीला दाखवायला एक फोटो मिळेल का? त्या म्हणाल्या, आधी भूल देऊन एक तुकडा काढून तपासू. सिगारेट किती, विचारलं. मी म्हटलं, मोजक्या. मेन्ना म्हणाली, तो मोजतच नाही.

११ जून
कॅन्सर. उजव्या स्वरतंतूवर, तिथून थोडा वर सरकलेला. गळ्यातल्या गाठींत गेलेला नाही. आधी रेडिएशन देणार. बहुतेक त्याने जाईल. नाही गेला तर स्वरयंत्रच काढावं लागेल. कारण सिगारेट, आणि वर व्हिस्कीची फोडणी.
मी विचारलं, कॅन्सर काढून खर्ज ठेवता येईल का?
डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मिस्टर प्रॉसर, तुम्ही ज्याला खर्ज म्हणता ना, तोच कॅन्सर आहे. गाठीमुळे तंतू जड झालाय."
तज्ज्ञांनाही गाण्यातलं सगळं कळतं असं नाही.
भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे.

७ जुलै
रेडिएशन सुरू. चार आठवडे, शनिवार-रविवार सुट्टी. चेहऱ्याच्या मापाची जाळी घालून मला टेबलाला जखडतात. नर्सला म्हटलं, पळून जाणाऱ्यातला मी नाही. जाळी काढल्यावरही बराच वेळ तिचा हात धरून होतो. खोलीत गारठा होता.
सिगारेट सोडली. स्वतःच्या मर्जीने. पाकिटं मेन्नाने शेगडीत घातली, हा निव्वळ योगायोग.

२८ जुलै
घसा आतून सोलल्यासारखा. लापशी गिळायला अर्धा तास. बोलणं बंद. मेन्ना म्हणाली, इतकी वर्षं तू गप्प बसावास म्हणून देवाला विनवलं, आता तेवढं मागे घेते.

९ ऑगस्ट
स्पर्धा रेडिओवर ऐकली. तिसरा नंबर. खर्ज माझ्याशिवायही दणदणीत होता, हे खटकलं. टेनर मात्र ऐकवत नव्हते.

४ नोव्हेंबर
सकाळी पुन्हा कॅमेरा. घसा स्वच्छ. पुढची काही वर्षं तपासण्या चालूच राहणार, पण आज स्वच्छ.
संध्याकाळी थेट तालमीला. बेत पक्का होता. मागच्या रांगेत जायचं, आयफोरशेजारी, कुणाला न विचारता. गोरोन्वीने पियानोवर खालचा सूर दिला. तोंड उघडलं. काही आलं नाही. त्याने सूर चढवत नेला. खूप वर गेल्यावर आवाज निघाला. टेनर. पातळ, कडेला थोडा फाटलेला, पण टेनरच.
आयफोर चष्मा पुसत होता. गोरोन्वीने पुढच्या रांगेकडे बोट केलं, आणि मी जाऊन उभा राहिलो. मेन्ना दाराशी रडत होती.
घरी येताना गाडीत मलाही रडू आवरेना. तिने विचारलं, काय झालं? सांगितलं, खर्ज गेला ना माझा.