वारुळाची तोंडं बुजवली त्या दिवसापासून

९ नोव्हेंबर, रवि.
सुनी, माफ कर, फार उशिरा लिहायला बसलो. दिवाळीला तू वही दिलीस, म्हणालीस, बाबा, डोक्यात घोळवत बसू नका, लिहून काढा, मी आले की वाचेन. तेव्हापासून ती टीव्हीवर नुसती पडली होती. काय लिहायचं तेच सुचत नव्हतं. आज सुचलं, कारण भीती वाटते आहे.
घरात एकटा. तुझी आई चिरनेरला, मामीचं कमरेचं हाड मोडलं म्हणून. २३ तारखेला, रविवारी, ती मामाबरोबर ठाण्याला जाऊन तुला घेऊन येणार. सातवा लागला, बाळंतपण इथंच. मागची खोली तुझ्यासाठी झाडायला घेतली. दाराची चौकट अंगठ्याने दाबली तर अंगठा आत गेला. वरून रंग तसाच, आत नुसता भुगा. वाळवी. मातीच्या नळ्या जमिनीपासून कपाटापर्यंत चढल्या आहेत. कपाटात आईने बाळासाठी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून ठेवल्या होत्या. वरची उचलली, तिची चाळण झालेली.
चौकट मी स्वतः बसवलेली. चौदा वर्षं झाली.

१० नोव्हें.
उंदीरही आहेत. दरवर्षीचंच, डोंगराच्या पायथ्याचं भात कापलं की ते घरांकडे येतात. या वर्षी जास्त. चिकट पुठ्ठा ठेवला होता, सकाळी एक अडकलेला. ओरडत होता. मला बघवेना. शेजारच्या कुलकर्ण्यांना हाक मारली. ते बँकेतून रिटायर, कशालाच घाबरत नाहीत. पुठ्ठ्यासकट उचलून घेऊन गेले. म्हणाले, "म्हात्रे, आयुष्यभर सिमेंटच्या पराती वाहिल्यात, आणि उंदराला भिता?"
परातीला पाय नसतात, म्हटलं.

१२ नोव्हें., बुध.
इम्तियाज पेस्ट कंट्रोलवाला आला. पनवेलचाच, स्वभावाने चांगला. भिंतीच्या कडेने ड्रिलने भोकं पाडून औषध सोडलं. मग मागे गेला. आपलं कंपाउंड एका कोपऱ्यात वळलेलं बघून उभा राहिला.
"चाचा, दिवार वाकडी का घेतली?"
वारूळ दाखवलं. प्लॉट घेतला तेव्हापासून आहे. तुझ्या आईने भिंत त्याच्यावरून जाऊ दिली नाही. मी गवंडी, मला दोरीत सरळ न बसलेली भिंत बघवत नाही, पण वळवली.
तो म्हणाला, "आत कितीही मारा, यांचं असली घर हे. राणी इथं बसली आहे. पंधरा दिवसांत परत येतील." मी म्हटलं, हिची पूजा असते तिथं, नागपंचमीला अर्धी आळी येते. तो म्हणाला, "मग चाचीला विचारा आणि मला फोन करा. आणि स्वतः काही करू नका. भोकं मोठी आहेत, आत कोण राहतं ते आपल्याला माहीत नाही."
चाचीला विचारा म्हणे. तिला विचारण्यापेक्षा...

१३ नोव्हें.
सौ.चा फोन. मामी अजून पडूनच. तिचा पहिला प्रश्न, "अवो, वारुळाला हळदकुंकू घालता ना?" हो म्हटलं. घातलेलं नाही.
"राखणदार हाय तो आपला. इसरू नका."
वाळवीचं बोललो नाही. चौकटीचंही नाही. बीपीची गोळी दोनदा घेतली की एकदा, आठवत नाही.

१५ नोव्हें., शनि.
चौकटीवर ताजी ओली नळी. औषधाला तीन दिवस झाले. बोटाने पुसली, दोन तासांनी पुन्हा तिथंच.
कुलकर्णी कठड्यावरून म्हणाले, "पाळणा लोखंडी घ्या हो म्हात्रे, नाहीतर नातवाचं बारसं जमिनीवर करावं लागेल." हसून गेले.
दुपारी मागे गेलो. ओट्याच्या दुरुस्तीचं अर्धं पोतं सिमेंट होतं. दोन पातेली उकळतं पाणी तोंडांतून ओतलं, मग माल कालवला आणि तोंडं बुजवली. सात तोंडं. थापीने घासून गुळगुळीत केली. चाळीस वर्षं हेच काम. गळती दिसली की बुजवायची.
हात जोडून माफी मागितली. कोणाची ते कळलं नाही, पण मागितली.

१६ नोव्हें.
नवीन नळी नाही. सुखाने जेवलो. वरून माती लावली, सिमेंट दिसू नये म्हणून.

१७ नोव्हें., सोम.
मागच्या खोलीत ट्रंकेमागे कात.
आधी प्लास्टिकची पिशवी वाटली. काठीने ओढली तर येतच राहिली, माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत आणि वर वीतभर. जुनी कात हातात चुरते. ही मऊ होती.
दार ओढून घेतलं, खालच्या फटीत टॉवेल कोंबला. दिवसभर पुढच्या ओट्यावर बसलो. कुलकर्ण्यांनी विचारलं, "आत कोण आहे का?" नाही म्हटलं.

१८ नोव्हें.
शेवटी कुलकर्ण्यांना सांगितलं. त्यांनी फोन लावून सर्पमित्र बोलावले. सर्पमित्र म्हणजे एक बाई निघाल्या. शाळेत शिकवतात, संध्याकाळी शाळा सुटल्यावर आल्या, हातात लोखंडी आकडा आणि कापडी पिशवी. कात उजेडात धरून डोक्याकडचा भाग बघितला.
"काका, नाग आहे. एक-दोन दिवसांची कात."
ट्रंक, कपाट, गाद्या, सगळं उलटंपालटं केलं. मिळाला नाही. कपाटामागे फरशीची कड खचली आहे, तिथं मूठ जाईल एवढं बीळ. उंदरांनी जोत्याखालून पोखरत वारुळापर्यंत वाट केलेली. बाई मागे गेल्या. वरची माती बोटाने बाजूला केली.
"हे कोणी लिंपलं?"
कुलकर्णी माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच थट्टा केली नाही.
बाई शांतपणे म्हणाल्या, "वारूळ वाळवीचं. उंदीर आत गेले, उंदरांमागे तो गेला. त्याची बाहेरची दारं बंद झाली, तर तो उंदरांच्या वाटेने येणार. ती वाट तुमच्या घरात निघते." मग म्हणाल्या, लिंपलेलं फोडा. घरातलं बीळ मात्र आज बुजवू नका, तो आत असेल तर आतच अडकेल. खोलीत पीठ पसरा, माग दिसेल. नक्की कळेपर्यंत इथं कोणी झोपायचं नाही.
"मुलगी येते आहे," मी म्हटलं. "सातवा आहे."
"मग अजिबात नाही, काका."
त्या उभ्या होत्या तोवर छिन्नी मारली. सहा तोंडं उघडली. सातवं फुटेना. माल चांगला धरला होता.

१९ नोव्हें.
पिठावर उंदरांची पावलं. बाकी काही नाही. चपला झटकून घालतो. संडासात जायच्या आधी काठी आपटतो.

२० नोव्हें., गुरु.
पुन्हा उंदीर. सौ.चा फोन: "सुनीचं हातरुण खालीच करा, पलंगावर चढ-उतर नको तिला. खोली पुसली काय?"
पुसतो म्हटलं.
"आवाज का असा?"
खोकला आहे म्हटलं. सांगायला हवं होतं. ओठावर आलं होतं.

२१ नोव्हें., शुक्र.
सकाळी पिठावर रेघ. पावलं नाहीत. नागमोडी, माझ्या दोन बोटांएवढी रुंद. बिळापासून ट्रंकेपर्यंत. एकच रेघ.
फोटो काढून बाईंना पाठवला. त्यांचा फोन आला. "काका, यावरून दिशा नक्की सांगता येत नाही. गेलाही असेल, आलाही असेल." त्या शाळेची मुलं घेऊन सहलीला चालल्या आहेत, रविवारी सकाळी येतील. तोवर खोली उघडायची नाही.
गेला असेल तर एकच रेघ. आला असेल तरी एकच रेघ.

२२ नोव्हें., शनि.
सौ.ला सांगितलं. वाळवीपासून सगळं, एका दमात. 
"तुमी बुजवलं? त्याच्या दाराला सिमेट लावलं?"
हो.
"उकलतं पानी ओतलं?"
हो.
"मी चौदा वर्सं हळद वाहिली त्याला."
मी म्हटलं, जे व्हायचं ते झालं, सुनीला आणू नको, तिला ठाण्यालाच राहू दे, तिच्या सासूबाई आहेत. तर ती म्हणाली, "उलट घेऊनच येते. दोघी जाऊन त्याच्या पाया पडतो, दूध ठेवतो. पोटुशी बाई माफी मागायला आली तर तो काय करनार नाय. मुकाट्यानं जाईल." मी म्हटलं, तो नाग आहे, त्याला माफी कळत नाही. ती म्हणाली, "तुमाला तरी कुठं कळते," आणि ठेवला.
पुन्हा लावला. मामाने उचलला, म्हणाला, भावजी, ती रडते आहे, आत्ता नको.
सुनी, मग तुला लावला. चार वेळा. बंद लागतो आहे. जावईबापूंचा नंबर तुझ्या आईच्या फोनात आहे, माझ्याकडे नाही. आजवर त्याची कधी गरजच पडली नव्हती.
एका बोटाने मेसेज लिहिला, अर्धा तास लागला. इकडे येऊ नकोस. मागच्या खोलीत नाग असू शकतो. चूक माझी. आई काहीही म्हणाली तरी वारुळाजवळ जाऊ नकोस. बाबा.

२३ नोव्हें., रवि., स. ९
बाई साडेसातला आल्या. मागच्या खोलीत आहेत, कपाट सरकवल्याचा आवाज येतो आहे. कुलकर्णी दारात काठी घेऊन उभे. मला आत जाऊ देत नाहीत, म्हणून ओट्यावर बसून लिहितो आहे.
चिरनेरहून तुझी आई आणि मामा सहालाच निघाले, मामीने मामाच्या घरीच राहिलेल्या फोनवरून सांगितलं. एव्हाना ठाण्यात पोचले असतील. तिचा फोन पिशवीत तळाशी असणार, वाजलेला कळत नाही तिला. दहाला तुम्ही तिथून निघणार. दहाच्या आत तुला कळायला हवं. आलीच गाडी, तर मी कोपऱ्यावर आडवा उभा राहीन, पण तुझ्या आईला मी आजवर कधी अडवू शकलेलो नाही.
मेसेजवर अजून एकच खूण. कुलकर्णी म्हणतात, दोन झाल्या म्हणजे पोचला.
आतून बाई म्हणाल्या, "सगळे गप्प राहा." आता काहीच आवाज नाही.
सुनी, ही वही तू नंतर वाचशील. आत्ता फोन बघ. रागाव हवं तर. काही लिहू नकोस, नुसतं वाचलं एवढं कळव, पण लवकर कळव.