ज्ञानोबाकाकांचा साचा

३ नोव्हेंबर
गाझियाबादला पोचले. कारखाना मोठा, भरपूर उजेडाचा. इथे पाट्यांसाठी उठावाची अक्षरं कोरतात आणि हॉटेलांच्या आत गुहा, जहाजं, जंगलं उभी करतात. दारात फायबरचा हत्ती आहे, त्याच्या सोंडेला कुणाचा तरी डबा लटकवलेला. मालक राजीवजी भले वाटले. रंगारी ज्ञानोबाकाका लातूरचे. मराठी ऐकताच त्यांनी स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला. मी नागपुरात शिल्पकला शिकले म्हटल्यावर म्हणाले, अच्छा, म्हणजे देव घडवायचे सोडून सलूनच्या पाट्या घडवायला आलीस.

९ नोव्हेंबर
गुरुग्रामच्या एका हॉटेलात गुहा करायची आहे. भिंतीतून चाळीस झोपलेले चेहरे बाहेर आलेले हवेत. एका माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यातून चाळीस ओतायचे. काका लगेच तयार झाले. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवली, आता आपलं थोबाड लागू दे भिंतीला, म्हणाले. बायको भीमाबाई मात्र म्हणेल, घरात एक आहे तेच पुष्कळ, असंही म्हणाले.

११ नोव्हेंबर
सकाळी काकांच्या चेहऱ्यावर प्लास्टर चढवलं. श्वासासाठी नाकात दोन नळ्या. हाताचा धक्का लागून साचा बिघडू नये म्हणून हात खुर्चीला बांधले. त्रास झाला तर बोट वर करायचं, असं ठरलं.
घरमालकाचा फोन आला. आत नीट ऐकू येईना म्हणून बाहेर गेले.
काकांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी तसंच लिहिलं आहे.

१२ नोव्हेंबर
इथे तरी खरं लिहावं. फोनवर आठ मिनिटं गेली. परत आत आले तेव्हा एक नळी जमिनीवर होती, दुसरी बुजलेली. बोट वर होतं. हलत नव्हतं. हलत नव्हतं असं मला वाटतं.
मी आधी काकांचे हात सोडले. पडलेली नळी पुसून जागेवर लावली. मग ओरडले.

१६ नोव्हेंबर
साचा उत्तम निघाला आहे. राजीवजी म्हणतात, त्यातूनच ओता, हीच श्रद्धांजली. भीमाबाईंनी माझा हात धरला. शेवटी तू जवळ होतीस पोरी, एवढं बरं झालं, म्हणाल्या.
मी मान हलवली.

१९ नोव्हेंबर
दहा ओतले. पहिला झोपलेला. दहाव्याचे ओठ किंचित सुटलेले. साच्यात ओठ मिटलेले आहेत. तीनदा तपासलं.

२१ नोव्हेंबर
तेविसावा. दात दिसतात.

२२ नोव्हेंबर
राजीवजींना दाखवले. त्यांना सगळे सारखेच वाटतात. मॅडम, दोन दिवस घरी बसा, म्हणाले. म्हणजे फक्त मलाच —

२४ नोव्हेंबर
चाळिसावा. तोंड पूर्ण उघडं. आत बोट घातलं. ऊब —

२५ नोव्हेंबर
भीमाबाई कारखान्यात आल्यात. चेहरे भिंतीला लावलेत. वर बघायला नको म्हणून मी टेबलाशी लिहीत बसले आहे. त्या एकेकाला पदराने पुसतात. किती शांत झोपलेत, म्हणतात.
आता शेवटच्या रांगेत.
पुसायच्या थांबल्या.
चाळिसाव्याला कान लावलाय. हं, म्हणाल्या. पुन्हा हं.
मी आधी सांगायला हवं. उठून, आत्ता —
वळल्या. माझ्या हातांकडे बघतायत. विचारतायत, पोरी, तू नळी पुसत बसलीस तेव्हा ते अजून —