निरोगी कोंबडीचं रक्त

प्रिय भागीमावशी,

तुम्ही गेल्याचं काल चिंचणीच्या टपालवाल्याने सांगितलं. चार महिने तुमच्यासमोर यायचं टाळत होतो. आता कुणाला भेटू? म्हणून लिहितोय.

तुम्ही मला डॉक्टर म्हणायचात. मी पालघरच्या गुरांच्या दवाखान्यात रक्त तपासणारा साधा सहायक. बोईसरला कोंबड्या पटापट मेल्या, इन्फ्लुएंझाचा संशय आला आणि मी गावोगाव कोंबड्यांचं रक्त घेत फिरू लागलो. तुमच्या बावीसही धडधाकट होत्या. तरी रक्त तपासायच्या माझ्या नळ्या म्हणाल्या, यांना रोग लागलाय.

मारायचा हुकूम घेऊन मीच आलो. खुराड्याच्या दारात तुम्ही आडव्या उभ्या!

“एक पन शिंकली नाय. तुजी नळी खोटं बोलते!”

“मावशी, नळी कशाला खोटं बोलेल?”

“मंग तुज्या दवाखान्यातल्या कोंबडीचं रगत घाल तिच्यात. बघ काय बोलते ती!”

मी हसलो. का हसलो हो मी? शिपायांनी तुम्हाला बाजूला केलं. दुपारपर्यंत बावीसही कोंबड्या मारून, पुरून खड्डा बुजवूनही झाला.

दोन दिवसांनी मासवण गावच्या कोंबड्यांच्या नळ्याही ‘हो, रोग आहे’ म्हणाल्या. तिकडचा हुकूम टाइप होत होता. तुमचं बोलणं डोक्यातून जाईना. आमच्या पिंजऱ्यात, आमच्याच डोळ्यांसमोर वाढलेल्या निरोगी कोंबडीचं रक्त मी तपासायला लावलं आणि नळीसमोर बसून राहिलो. तळाशी तोच लाल ठिपका, ज्याला आम्ही रोगाची खूण समजत होतो. तीही ‘हो’! मी नळी घेऊन साहेबांकडे धावलो.

“साहेब, हुकूम थांबवा.”

साहेब चिडले. मग नळी बघून त्यांनी टायपिंग थांबवायला सांगितलं. रोग नसतानाही रक्तात विषाणूला अडवणारं काहीबाही असतं. ते औषधाने आधी काढून टाकायचं असतं. आम्ही रक्त तसंच वापरलं होतं. नीट साफ करून पुन्हा लावलं, तर मासवणच्या सगळ्या नळ्या ‘नाही’ म्हणाल्या. तुमच्या कोंबड्यांचंही थोडं रक्त उरलं होतं, मावशी. तेही ‘नाही’.

मासवणला हे सांगायला मी सायकल दामटत गेलो. बायांनी चहा पाजला. तुमच्या चिंचणीला मात्र पाय वळेना. तुम्ही नव्या कोंबड्या पाळल्यात, पण “भागीच्या घरात रोग हाय” म्हणून तारापूरला वीजघर बांधणारी माणसं तुमची अंडी घेईनात. माझ्या एका वाक्याने ते थांबलं असतं! तुम्ही तरी पालघरला येऊन मला चार शिव्या का नाही हासडल्यात?

यापुढे निरोगी कोंबडीचं रक्त शेजारी लावल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर ‘हो’ लिहिणार नाही. आणि बाराव्याला येतोय. तुमच्या सुनेसमोर, जमलेल्या गावासमोर सांगेन, “मावशीच्या कोंबड्या निरोगी होत्या. मी चुकलो.” कुणी बसा म्हटलं नाही, तर उभ्याने सांगेन.

तुमचा अपराधी,
मधुकर