वरच्या मजल्याचं मशीन

उस्ताद,

काल आर्णी रोडवरच्या त्या हॉस्पिटलच्या गच्चीवरून आपलं एसीचं मशीन उतरवलं. आपलं म्हणतो, कारण बसवलं तुम्ही आणि तुमच्यामागे सांभाळलं मी. दोरखंड बांधून भिंतीच्या कडेनं हळूहळू खाली सोडलं. भंगारवाला गाडी लावून उभाच होता. त्याला म्हटलं, थांब जरा, आणि पॅनेलचं झाकण उघडून एकदा आत पाहिलं. सगळ्या वायरी माझ्या हातच्या, टोकांना नंबर लावलेल्या. एकही जोड उघडा नाही, एकही वायर दुसरीवर लोंबकळत नाही. हॉस्पिटलचा नवा मॅनेजर म्हणाला, "काका, नवीन मशीन आपला आजार सवताच सांगते. आकडा येते तिच्यावर." मी म्हटलं, "येऊ दे. आजार त्या आकड्यात मावला पाहिजे फक्त." तो हसला, पण त्याला ते कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, "हे पाह्य, इंजिनियर बोलून राह्यला."

इंजिनियर हे तुम्ही दिलेलं टोपणनाव. तेव्हा त्याचा राग यायचा. बाभुळगावहून मी यवतमाळला तुमच्या दुकानात आलो तेव्हा तुम्ही काही शिकवाल असं वाटलं होतं. तुम्ही काहीही शिकवलं नाही, हे मी अजून सगळ्यांना सांगतो आणि त्यात खोटं नाही. तुम्ही काम करायचे आणि मी पाहायचो. विचारलं की म्हणायचे, "डोळे काहून देले मंग?" पॅनेलच्या झाकणाला आतून चिकटवलेला वायरिंगचा नकाशा मी स्वतःच्या हिमतीवर वाचायला शिकलो, एकेक रेघ बोटानं धरून. इंग्रजीही तिथेच शिकलो. तुम्हाला तो नकाशा लागायचा नाही. तुम्ही पाइपावर हाताची मागची बाजू टेकवायचे, कॉम्प्रेसरच्या अंगावर कान ठेवायचे आणि सांगायचे. पहिल्या उन्हाळ्यात एका बँकेच्या मशीनमध्ये मी गॅस भरून आलो, मशीन थंड करू लागलं, म्हणून ऐटीत तुमच्यासमोर उभा राहिलो. तुम्ही चहाचा कप खाली ठेवला. "गॅस काय चाय हाय का बे, पेला आन् संपला? बंद पाइपातली चीज हाय ते. गेला तं कुठून गेला, ते सांग." आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला परत बँकेत पाठवलं. साबणाचा फेस लावून लावून मी जोड शोधला, आणि बुडबुडा फुटताना दिसला तेव्हा अपमान विसरलो. आजही मी नुसता गॅस भरून देत नाही. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

तुमच्या घरचा, चाचीच्या स्वयंपाकघरातला तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. जुम्म्याची नमाज करून तुम्ही आला होता, मी जमिनीवर बसून खिचडी-कढी खात होतो. चाचीनं माठातल्या पाण्याचा स्टीलचा ग्लास पुढ्यात ठेवला. बाहेर ऊन असं, की भिंतींना हात लावता येत नाही. तुम्ही माझ्या हाताला धरून बोट त्या ग्लासावर टेकवलं. बाहेरून थेंब जमलेले. "हे समजलं? मशीनकडे परत येणाऱ्या पाइपाले एवढाच घाम पाह्यजे. बर्फ नाई, कोरडा नाई. घाम." चाची म्हणाली, "जेवू द्या ना त्याले. जेवतानी बी मशीनच." तुम्ही म्हणाले, "जेवतानीच समजते." आता लिहिताना लक्षात येतं, की याला शिकवणंच म्हणतात. पण एक ग्लास दाखवला म्हणून माझं म्हणणं मी मागे घेणार नाही.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव नव्हता, गावात पैसा खेळत नव्हता, आणि कोणी फ्रीज दुरुस्तीलाही आणेना. बंद पडलेल्या फ्रीजमध्ये लोक कपडे ठेवू लागले. आपल्याकडे एक-दोन बँका आणि ते हॉस्पिटल, एवढंच मोठं काम उरलं. हॉस्पिटलच्या समोर रस्त्यापलीकडे जिनिंग. सरकी वेगळी होताना उडणारे रुईचे तंतू रस्ता ओलांडून गच्चीवर यायचे आणि मशीनच्या बाहेरच्या जाळीत, पंखे जिथे गरम हवा फेकतात तिथे, अडकायचे. मुंबई-पुण्याच्या मेकॅनिकला हे दुखणं माहीत नाही. तिकडे जाळीत धूळ बसते, पाणी मारलं की निघते. आपल्याकडे पाणी मारलं की रुईचा नमदा होतो, घोंगडीसारखा घट्ट, आणि तो पत्र्यांच्या फटींत जाऊन बसतो. म्हणून तुमचा नियम होता: आधी कोरडा ब्रश, मग आतून बाहेर हवा, आणि पाणी सगळ्यात शेवटी. हॅकसॉच्या जुन्या पात्याला कानस लावून तुम्ही त्या फटींसाठी एक कंगवा केला होता. मी वेगळं दुकान काढलं त्या दिवशी तो माझ्या खिशात घातला आणि म्हणालात, "घे, इंजिनियर. नकाशात नाई सापडत हे."

तुमची छाती तोवर खराब झाली होती. गॅस राहिलेल्या पाइपावर ज्योत लावली की घसा कापणारा जो धूर निघतो, तो तुम्ही जन्मभर ओढला. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की म्हणायचे, "मंग वास कसा येईन?" डॉक्टरांनी तुम्हाला त्याच हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर ठेवलं, नळीनं ऑक्सिजन लावला. छतातल्या ज्या तोंडातून हवा यायची, त्याच्या बरोबर खाली तुमची खाट होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "खोली थंड ठेवा. गरम हवेत त्यांना श्वास ओढायला फार मेहनत पडते." औषध-पाणी दुसऱ्यांचं काम होतं. माझ्याकडे एवढं एकच आलं.

त्या दिवशी सकाळी मशीन चालू होऊन बंद पडत होतं. मी गच्चीवर गेलो तर समजलं, माळीबुवांनी आदल्या आठवड्यात झाडांच्या पाइपानं जाळी धुतली होती. बिचारा कौतुकानं सांगत होता, "साफ करून ठेवली, साहेब." पूर्ण जाळीत नमदा. आतली गरमी बाहेर पडायला जागा नाही, प्रेशर चढतं, मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. तुमचा कंगवा घेऊन मी बसलो. पत्रा तापलेला, गुडघ्याखाली गोणपाट. एकेका फटीतून ओला नमदा ओढून काढला, एकही पत्रा न वाकवता. गेजची दोन्ही घड्याळं लावून प्रेशर पाहिलं, अगदी जिथे असावं तिथे. परतीच्या पाइपाला घाम. खरं सांगतो, त्या वेळी मला वाटलं, विदर्भात दुसरा कोणी हे एवढ्या नीट करणार नाही. खाली येऊन तुमच्या खाटेशी उभा राहिलो. वरून गार हवा येत होती. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "जाळी होती ना?" मी म्हटलं, "हो उस्ताद." "पाणी कोनं मारलं?" म्हटलं, "माळीबुवानं." "त्याले चाय पाज. नाई तं अजून मारंन."

दुपारी मशीन पुन्हा बंद पडलं. मी धावत वर गेलो. जाळी साफ, पंखे ठीक, जोड ठीक. सुरू करायला गेलो की कॉम्प्रेसर नुसता हुंकार द्यायचा, उचलायचा नाही, आणि संरक्षणाचा रिले खटकन लाइन तोडायचा. मीटर लावला. लाइन, म्हणजे व्होल्टेज, एवढी पडलेली, की आकडा पाहून मी मीटरचाच सेल बदलून पुन्हा पाहिला. आकडा तोच. भर दुपारी सगळं यवतमाळ कूलर लावून बसलेलं, आणि आमच्या फेजमध्ये जीव नाही. हॉस्पिटलचं जनरेटर दिवे आणि ऑक्सिजनपुरतं, एवढं मोठं मशीन त्याच्यानं ओढत नाही. सकाळी मी ज्या मशीनचा एकेक पत्रा ओळखत होतो, त्यात आता दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. बिघाड मशीनमध्ये असला तर मी तो शोधतो, पण हा तर मशीनच्या बाहेर होता, कुठल्या तरी खांबापलीकडे.

चाची धापा टाकत गच्चीवर आली. "खाली बलावून राह्यले तुले." मी गेलो. खोली तापायला लागली होती. तुमच्या गळ्याजवळची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. तुम्ही छताकडे बोट केलं, म्हणजे हवेच्या त्या तोंडातून तुम्ही सगळं ऐकलं होतं.

"लाइन कमी हाय ना?"

"हो."

"मंग बंद कर."

मी म्हटलं, "उस्ताद, रिले बाजूला करतो, डायरेक्ट देतो. धक्का देऊन उचलवतो. तास-दोन तास तं चालंन."

"आन् मंग?"

"मंग पाहू."

"काय पाह्यतं? वाइंडिंग जळंन, सगळ्या पाइपात काळं तेल. पूर्ण उन्हाळा वरचा मजला बंद." तुम्ही थांबले, श्वास गोळा केला. "त्या बाजूच्या खाटेवरचा मानूस का तुहा दुश्मन हाय?"

बाजूच्या खाटेवर कळंबकडचे एक आजोबा होते, पोटाचं ऑपरेशन झालेले. ते टक लावून आमच्याकडे पाहत होते.

चाचीचा तोल गेला. तिला तुमच्यावर आवाज चढवताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "जळू द्या ना! जिंदगीभर मशीनले जपलं तुमी. आता सवताले जपा. बेटा, तू नको आयकू यांचं. जाय, कर तू डायरेक्ट."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "जाय ना!" मी गेलो.

गच्चीवर जाऊन मी रिलेचं झाकण उघडलं. वायरीचा तुकडा कापला, दोन्ही टोकं सोलली. एक टोक स्क्रूखाली दाबून घट्ट केलं, ओलसर हातानं, पण नीट, कारण वाईट काम करतानाही मला जोड ढिला सोडता येत नाही. दुसरं टोक लावायला वाकलो, आणि पंख्याचा खालून येणारा आवाज थांबला. मीटर शून्यावर. भारनियमन. पूर्ण लाइन गेली. ते टोक माझ्या हातातच राहिलं. मग वायर काढून टाकली, झाकण लावलं आणि खाली आलो.

"केलं?" तुम्ही विचारलं.

"करत होतो. लाइनच गेली."

तुम्ही हसले. हसता हसता खोकला उसळला, चाचीनं पाठ धरली. तरी तुम्ही बोललातच, "पाह्य बे, सरकारनं इज्जत राखली तुही." आजोबाही हसले, पोटावर हात दाबून. त्या खोलीत त्या दुपारी तेवढंच एक हसू.

त्यानंतर आम्ही जे केलं ते कोणीही करतं. चाचीनं ओढणी भिजवून खिडकीला लावली, मी पुठ्ठ्यानं वारा घातला. मशीनच्या प्रत्येक दुखण्याला माझ्याकडे हत्यार आहे, आणि मी पुठ्ठा हलवत होतो. हात बदलत होतो, आणि तुमचा श्वास त्या लयीला जुळवून घेऊ पाहत होता, जुळत नव्हता. संध्याकाळी, मगरिबच्या अजानच्या थोडं आधी तुम्ही श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही. मी आणखी काही वेळ वारा घालतच राहिलो. चाचीनं माझं मनगट धरलं तेव्हा थांबलो.

तुम्हाला घरी नेलं. सगळे गेले. मी म्हटलं, मशीन पाहून येतो, आणि मागे राहिलो. नर्सनं सांगितलं, लाइन आली. वर जाऊन मीटर लावला, तर पूर्ण, अगदी पुस्तकात असते तेवढी. गच्चीवरून पाहिलं तर पलीकडचा निम्मा भाग अंधारात होता. आता त्यांची पाळी लागली होती, त्यांचे कूलर बंद पडले होते, म्हणून आमच्या लाइनीत जोर आला होता. तिकडेही कोणी पुठ्ठा हलवत असेल. मी बटण दाबलं. कॉम्प्रेसर एका झटक्यात उचलला, इतका गोड आवाज त्या मशीनचा मी आधी ऐकला नव्हता. पत्रान्पत्रा थरथरत होता, पण खडखड कुठेच नव्हती.

चाची नंतर विचारायची, "त्या दिवशी सगळे घरी होते, तू कुठी होता रे?" मी सांगायचो, मशीन पाहत होतो. तीही आता नाही. तुमच्या दुकानाच्या जागी मोबाइलवाला बसतो. हे चार कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? ते माझ्याजवळच राहतील.

तिला मी पूर्ण सांगितलं नाही, ते असं. मशीन सुरू करून मी खाली आलो. तुमची खाट रिकामी, चादर काढलेली. आजोबा गाढ झोपले होते. गार हवा सरळ तुमच्या जागेवर पडत होती. दिवसभर ऊन खाल्लेलं अंग, पाय उचलवत नव्हते. मी तुमच्या खाटेवर बसलो, मग आडवा झालो. तुमच्या घरी लोक जमले होते, आणि मला त्या गारव्यात इतकं बरं वाटलं, उस्ताद, की झोप लागली.