फुटाणीचं स्थळ

औंढे, ता. मावळ
मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

चि. रतन हिस,
हौशीरामचे अनेक आशीर्वाद.

नावाच्या आधी 'सौ.' लिहायचं की नाही यावर माझी दहा मिनिटं गेली आणि एक कागद वाया गेला. तुझी वहिनी म्हणाली, "लिवा की सरळ. भन हाय तुमची, तहसीलदार न्हाई." म्हणून सरळ लिहितो.

इकडे सगळं ठीक आहे. इंद्रायणी भात कापायला आला आहे, पण रोज दुपारनंतर आभाळ भरून येतं आणि विळे पुन्हा आढ्याला लटकतात. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला घरातला सगळा केर दिसतो आणि तो मला काढावा लागतो. अतुल चाकणला एका कंपनीत आहे. तू घरात होतीस तेव्हा तो रांगत होता, आता त्याला टक्कल पडायला लागलंय. मी एसटीतून सुटून आठ वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, बाकी इंजिन चालू आहे.

आता मी काय करतो ते सांगतो. पोटभर हस. मी कुत्र्यांची लग्नं जमवतो.

म्हणजे तसं नाही. आमच्या गावाबाहेर तेजल नावाच्या मुलीनं सोडलेल्या, जखमी कुत्र्यांसाठी एक आसरा काढलाय. जनावरांची डॉक्टर आहे. वयानं माझ्या लेकीसारखी, बोलण्यात माझ्या सासूसारखी. चार वर्षांपूर्वी शेजारच्या बंगल्यातली माणसं आपला कुत्रा गेटला बांधून पुण्याला निघून गेली. दोन दिवस तो ओरडला, तिसऱ्या दिवशी मी साखळी सोडून त्याला तेजलकडे नेलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही कंडक्टर होतात ना? माणूस बघून ओळखता?" मी फुशारकीनं हो म्हणालो आणि तिथंच अडकलो. तेव्हापासून घरं बघायचं काम माझ्याकडे. पगार नाही, चहा मिळतो.

लहानपणी तू फ्रॉकच्या ओच्यात पिल्लं लपवून आणायचीस आणि मी ती ओढ्यापलीकडे सोडून यायचो. तो मी हे करतोय, म्हणून हस म्हटलं.

कुत्रा हवा असलेला माणूस फॉर्म भरतो. मग मी त्याच्या घरी जातो. फाटक लागतं का, घरात म्हातारं माणूस आहे का, दिवसभर कोण असतं, हे बघतो. गोड बोलून चहा पितो. आणि मग खरं काम, म्हणजे खाली उतरून शेजारी, वाणी, दूधवाला यांना विचारतो. घरातली माणसं दाखवायचं ते दाखवतात, दूधवाल्याला न दाखवायचंही दिसतं. एक पुण्याचे साहेब कुत्रा मागायला आले. बंगला इथं, येणार शनिवार-रविवार. मी विचारलं, "सोमवार ते शुक्रवार त्यानं काय करायचं?" म्हणाले, "राखण." मी म्हणालो, "मग कुलूप पाळा." ते तेजलकडे तक्रार घेऊन गेले. तिनं त्यांना चहासुद्धा दिला नाही.

आणि घर दिलं की पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं, न कळवता. कुत्रा रमला नसेल तर परत आणायचा, कुणाला बोल लावायचा नाही. हा नियम आहे.

एवढं सगळं मला येतं रतन. फार चांगलं येतं. पण एकदा चुकलो, त्याबद्दल लिहितो.

फुटाणी नावाची एक कुत्री आहे आमच्याकडे. गेल्या वर्षी जुलैत भुशीच्या गर्दीत कुणीतरी तिला धरणाच्या पायऱ्यांशी सोडून गाडी वळवली. तिथं भजी तळणाऱ्या चिमाबाईनं तीन दिवस सांभाळली आणि भाजल्या फुटाण्याचा रंग म्हणून नाव ठेवलं. वयानं चार-पाच वर्षांची. एक कान मोडलेला. कुणाच्या पायात घोटाळत नाही, पण माणूस उठलं की ती उठते.

तिच्यासाठी यंदा एक स्थळ आलं. दोन एकरांचं फार्महाउस, हिरवळ, भोवती माणूसभर उंच भिंत, दोन गडी. मालक सफारीतला, हात जोडून बोलणारा. मी भिंत बघितली, हिरवळ बघितली आणि भाळलो. भिंतीमुळे शेजारी कुणी नव्हतं, मग विचारणार कुणाला? न विचारताच हो म्हणालो. पंधरा दिवसांनी जायचं होतं, तर पाऊस लागला. म्हटलं, एवढं मोठं घर, काय बिघडतंय?

बाविसाव्या दिवशी सकाळी मी आसऱ्याच्या फाटकाशी बसलो होतो. समोरून फुटाणी आली, चालत. अकरा किलोमीटर. गळ्यात तुटलेल्या दोरीचा तुकडा, मागचा पाय उचललेला, पाठीवर काठीचे वळ. फाटकाशी येऊन बसली आणि माझ्याकडे बघायला लागली.

आणि माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "अगं, परत कशाला आलीस? कुनाला इचारून आलीस?"

तेजल मागून धावत आली. मला बाजूला सारून तिनं फाटक उघडलं. "काका, आधी आत घ्या. मग विचारा काय विचारायचं ते." ती काही फार रागानं बोलली नाही. हेच वाक्य तिनं फाटकाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहूनही ठेवलंय, नव्या पोरांसाठी. चार वर्षं मी ते रोज वाचतो.

मी तिथंच दगडावर बसलो. आकाशनं, म्हणजे तिथं काम करणाऱ्या मुलानं, पाणी आणून दिलं. त्याला वाटलं मला चक्कर आली.

तुला आठवत असेलच. मला तर तुझी पिशवीसुद्धा आठवते, खताच्या गोणीची शिवलेली. अठ्ठ्याण्णव साल, अखितीचा दुसरा दिवस. आंदर मावळातल्या सासरहून तू पहाटे निघालीस, निम्मी वाट चालत, आणि अकरा वाजता आपल्या दारात उभी राहिलीस. मी ड्युटीवर निघायला खाकी चढवून तयार होतो. आबा जाऊन तीन वर्षं झालेली, घरातला कर्ता मी. तुझं स्थळ मीच बघितलेलं. जमीन बघितली, चार म्हशी बघितल्या, विहिरीचं पाणी बघितलं. शेजारी कुणालाही विचारलं नाही. तू उंबऱ्याबाहेर उभी होतीस आणि मी तेच विचारलं. कुणाला विचारून आलीस?

तू म्हणालीस, "भाऊ, आधी बसू तर दे."

मी बसू दिलं नाही. आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तो तिच्या हातातच राहिला. लोक काय म्हणतील ते मी तुला कान्हे फाट्यापर्यंत ऐकवत नेलं. तिथं सखारामच्या गाडीत तुला बसवलं आणि त्याला सांगितलं, "हिला थेट दारात सोड." माझ्यासोबत नोकरीला लागलेला सखाराम. त्यानं तुझ्याकडे तिकीट मागितलं नाही, दोस्ताची बहीण म्हणून. पुढचं त्यानं मला रिटायर झाल्यावर सांगितलं, त्याआधी त्याची हिंमत झाली नाही. तू पदराच्या गाठीतले पैसे काढलेस आणि म्हणालीस, "तिकीट फाडा. मी काय पार्सल न्हाई."

रतन, मी बत्तीस वर्षं तिकिटं फाडली. तेवढं एक तिकीट मला झोपू देत नाही.

मग मी म्हणत आलो की मला काय माहीत होतं, त्या काळी असंच होतं. खोटं आहे ते. पुन्हा जाऊन बघायचा नियम तेव्हाही होता, त्याला भाऊबीज म्हणायचे. पहिल्या वर्षी मी आलो, ओटीवर बसून जेवलो आणि तुझ्या मनगटाकडे न बघता ओवाळून घेतलं. बांगड्या एकाच हातात होत्या. दुसऱ्या वर्षी, तुला परत पाठवल्यावर, ड्युटीचं कारण सांगून साडी सखारामच्या गाडीतून पाठवली. पार्सल तर मी केलंच तुझं.

नंतरची सहा वर्षं तू तिथं कशी काढलीस हे मला लोकांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. तुझी तू बाहेर पडलीस, तळेगावात नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागलीस, दोन खोल्या घेतल्यास, हेही लोकांकडूनच. आई गेली तेव्हा आलीस. नदीवर दहाव्याला बसलीस, पण घराचा उंबरा चढली नाहीस. वहिनीनं पाणी आणलं, ते तू तुळशीला घातलंस. मी तेव्हा मनात म्हणालो, केवढा हा माज. माज नव्हता तो, हे कळायला मला एक कुत्री लागली.

आता पत्राचं खरं कारण.

मागच्या गुरुवारी, नेमक्या भाऊबीजेच्या दिवशी, तेजलनं मला एक फॉर्म दिला. "काका, चाकणला अतुलकडे जाताना तळेगाव तुमच्या वाटेवर आहे." नाव: रतन बाजीराव केदारी. आपल्या आबांचं नाव लावलंस. मी ते तीनदा वाचलं. फॉर्म वसतिगृहातल्या कोमल नावाच्या मुलीनं मोबाइलवर भरून दिलाय असं खाली लिहिलंय, पण उत्तरं तुझीच आहेत. कसा कुत्रा हवा, या प्रश्नापुढे लिहिलंय, "मोठा झालेला चालेल. कुणी नेऊन परत आणून सोडलेला असला तर तोच द्या." आणि शेवटी आम्ही विचारतो, संस्थेत कुणी नातेवाईक आहे का. तिथं लिहिलंयस, "नाही."

मी या संस्थेत आहे हे तुला माहीत नव्हतं म्हणून लिहिलंस, अशी मी माझी समजूत घालतो.

तेजलला मी सगळं सांगितलं. तिनं फॉर्म पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "तुम्हाला जड जात असेल तर आकाश जाईल घर बघायला." मी म्हणालो, मीच जाईन. पण तुझ्या घरात शिरून मी कुठल्या तोंडानं विचारणार की फाटक लागतं का आणि दिवसभर कोण असतं? म्हणून काल येऊन फक्त खालच्या डेअरीत चौकशी केली. दूधवाला म्हणाला, "रतनमावशी व्हय? पावसात जिन्यात पोतं टाकत्यात, गल्लीतली चार कुत्री तितंच निजत्यात. मालक लय बोलतो, पर त्या काय ऐकत न्हाईत." मी अर्धा लिटर दूध घेतलं आणि वर न बघता परत आलो. वहीत लिहिलं, घर पसंत. इतकं पटकन मी आजवर कुणाला पसंत केलेलं नाही.

तुझा फोन नंबर फॉर्मवर आहे, पण आवाज ऐकून तू ठेवलास तर पुन्हा करायची माझी हिंमत होणार नाही. पत्र निदान पुरतं वाचशील.

मी चुकलो रतन. तू बसू दे म्हणत होतीस आणि मी बसू दिलं नाही. आबांनी मला कर्ता केलं होतं ते दार उघडायला, आणि मी ते अडवून उभा राहिलो. मला माफ कर असं लिहितो खरं, पण ते तुझ्या सवडीनं, आणि नाही जमलं तरी तुझं काही चुकलं असं होणार नाही.

फुटाणी तुझीच. पाय बरा झालाय, थोडी लंगडते. वळ गेले, पण काठी दिसली की टेबलाखाली जाते, तेव्हा केरसुणीसुद्धा तिच्यासमोर जपून धर. ताकभात आवडतो. तू उठलीस की तीही उठेल, त्याची सवय करून घे.

नऊ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी साडेदहाला, मी तिला घेऊन येतो. मी यायला नको असेल तर फॉर्मवरच्या संस्थेच्या नंबरवर तेजलला तेवढं कळव. फुटाणीला आकाश आणून देईल, तिचं घर माझ्यामुळे अडणार नाही. आणि काही कळवलं नाहीस तर मी दारात असेन. तू विचार मला, कुणाला विचारून आलास म्हणून. मी जिन्यात त्या पोत्यापाशी उभा राहीन. परतीची गाडी पाऊण वाजता आहे, तोवर काही घाई नाही, आणि तिकीट माझं मी काढीन.

फक्त एवढं कर. फुटाणीला आधी आत घे. माझं मग बघू.

दारापर्यंत यायला सत्तावीस वर्षं लावलेला,
तुझा भाऊ
हौशीराम