फळीवरचे वाडगे

९ ऑक्टोबर
बेटावर पोचलो. बोटीत इतकं हलकं वाटलं की कॉलेज सोडल्याचं पहिल्यांदाच कुणाला तरी हसत सांगितलं. माझी कानाए वसंतात इथे आली, टेकडीवरच्या कलाघराची राखण करायला. चाळीस दिवसांत तिचं एकही उत्तर नाही. रागावली असेल. मीही काही कमी नाही. समोरासमोर भांडू, मग तिला घेऊनच परत जाईन.

प्रश्न एवढाच, की उतरायचं कुठे. धक्क्यालगत मात्सुयो आजी पाहुणे ठेवते: चटयांची खोली, भाजलेली मासळी, आंघोळीला कढत पाणी. दुसरी जागा म्हणजे खुद्द कलाघर, तिथेही मुक्काम करता येतो. आजी म्हणाली, पोरा, इथेच टेक, तिकडे झोपणारा माणूस बघायच्या वस्तूंत जमा होतो. मी म्हटलं, गिऱ्हाईक निसटायला लागलं की सगळे असंच बोलतात. तर म्हणते, गिऱ्हाईक गेलं तर त्याचा मासा मी खाईन, तू गेलास तर तुझ्या आईला काय सांगू? जीभ भलतीच धारदार आहे म्हातारीची.
मी कलाघर निवडलं.

१० ऑक्टोबर
घर देखणं आहे. बेट सोडून गेलेल्या माणसांनी आपापले भाताचे वाडगे इथे ठेवलेत. चारी भिंतींना फळ्या, फळ्यांवर तीनेकशे वाडगे, प्रत्येकाच्या तळाला नाव. हीच कलाकृती. राखणीला मात्र कुणीच नाही.
खालच्या फळीवर कानाएचा निळा वाडगा सापडला. शेजारी एक कोरा करकरीत, तळाला माझं नाव, तिच्याच अक्षरात. म्हणजे मी येणार हे तिला ठाऊक होतं. पाहुण्यांचे वाडगे ओट्यावर वेगळे मांडलेले होते, पण आपल्या नावाचा असताना परका कोण घेईल? त्यातच भात वाढून घेतला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

११ ऑक्टोबर
सकाळी स्वयंपाकघरात तांदूळ धुतल्याचा आवाज. पाणी तीनदा बदललं, कानाए बदलते तसंच. धावत गेलो. कुणी नाही. ओटा ओला. निळ्या वाडग्याच्या कडेला चार शितं, अजून ऊन.

१२ ऑक्टोबर
आजीकडे जाऊन चिडून विचारलं, कुठे लपवलीत तिला. तिने मासा कापायची सुरी खाली ठेवली. म्हणाली, ऑगस्टमध्ये बुडाली रे ती. आईबाप येऊन घेऊन गेले. तुला कळवलं नाही कुणी?
कोण कळवणार. मी त्यांचा कोण होतो.

आजोबांची शवपेटी घराबाहेर काढली तेव्हा आईने त्यांचा वाडगा उंबऱ्यावर आपटून फोडला होता. गेलेल्याला कळावं, की इथलं जेवण संपलं. कानाएचा कुणी फोडला नाही, कारण फळीवरच्या वस्तूला हात लावायचा नाही, असा नियम. आजी म्हणाली, ज्यांचे वाडगे शाबूत आहेत ते मेल्यावरही येतातच जेवायला. तू तिचा माणूस ना? तूच फोड, सुटेल बिचारी. आणि सामान उचलून माझ्याकडे ये.

१३ ऑक्टोबर
निळा वाडगा घेऊन उंबऱ्यावर उभा राहिलो. नाही जमलं. फुटला तर सकाळी तो आवाज पुन्हा येणार नाही.
मग डोकंच फिरलं. माझं नाव लिहून मला बोलावते, आणि स्वतः दिसतसुद्धा नाही? माझा वाडगा उचलला आणि उंबऱ्यावर आपटला. बास. संपलं आपलं. चारची बोट धरतो.

संध्याकाळ
तिकीटवाल्याने मान वर केली नाही. खिडकीवर थापा मारल्या — नाही. बोट गेली.
आजीच्या दारात उभा राहून हाका मारल्या. ती माझ्या आरपार धक्क्याकडे बघत होती. शेजारणीला म्हणाली, पोरगं न सांगताच गेलं वाटतं. दार लावून घेतलं.
जिवंतपणी स्वतःचा वाडगा कुणी फोडतं का — रागात सुचलंच नाही —

१४
आजीचं दार उघडं होतं. पाय आत पडत नाही. कुठल्याच घरात —
भूक

१५? १६?
कलाघरात सगळे जेवायला बसलेत. कानाए वाढतेय. केस ओले. हाक मारली. तिने वर पाहिलं — ऐकलं तिने, नक्की ऐकलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, कोण आहे गं बाहेर. ती दारापर्यंत आली. इतकी जवळ, की —
म्हणाली, कुणी नाही, वारा असेल. दार ओढून घेतेय —
कानाए, मी गं, माझं नाव क्यो—