उजव्या बाजूचा दिवा

अण्णा, भाऊ ज्याच्या ट्रॅक्टरखाली गेला तो माणूस गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यात आला. साखरेमुळे त्याच्या पायाची जखम चिघळली आहे आणि ड्रेसिंगला सध्या मीच असते. मी त्याला ओळखलं नाही. कोर्टात पाहिला तेव्हा तो तरणा होता, डोक्यावर दाट केस होते. पट्टी सोडता सोडता त्यानं सहज विचारलं, "सिस्टर, तुमी कुठल्या?" मी गाव सांगितलं. बोरीजवळचं म्हटल्यावर त्यानं "कुणाच्या?" असं विचारलं. मी तुमचं नाव घेतलं आणि त्यानं पाय मागं ओढला. मला वाटलं, जखम दुखली.

तो काय बोलला ते पुढं लिहिते. मला लिहायची सवय नाही, आणि तुमच्याशी बोलायची तर कधीच नव्हती. तुम्ही होतात तेव्हा घरात बोलणं तुमचं असायचं आणि ऐकणं आमचं. सेलूच्या जिनिंगमधून कापसाच्या गठाणी भरून तुम्ही ट्रक नेत होतात. मोतीबिंदूनं डोळे अधू झाले तेव्हा ट्रक सुटला, पण तुमची नजर ड्रायव्हरचीच राहिली. भाऊ रोज संध्याकाळी सायकलवर दूध घेऊन बोरीच्या संकलन केंद्रावर जायला लागला आणि तुम्ही त्याची सायकल हातात घेतलीत. आधी कॅरिअरला आडवा लोखंडी गज बांधला. तो उजवीकडे हातभर बाहेर यायचा. त्याच्या टोकाला बॅटरीवरचा लाल दिवा. दोन्ही घोट्यांना बांधायला लग्नाच्या मांडवातल्या माळेचे बारके दिवे. दुधाच्या कॅनच्या मागं एक जुनी सीडी, कुणाची गाडी मागून आली की चमकायला.

भाऊ म्हणाला होता, "अण्णा, सायकलला एक लाल दिवा बास होतो की."

तुम्ही आम्हाला दोघांनाही सडकेवर नेलंत. दिवस नुकताच मावळला होता. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बोट दाखवून तुम्ही सांगत होतात, जसं मास्तर फळ्यावर दाखवतात तसं. "एक दिवा दिसला तर डायवरला वाटतं, लांब फटफटी जायलीय. त्यो दिवा पायात बांधला, वरखाली व्हायला लागला, की त्याला कळतं माणूस हाय." मग गजावर हात ठेवून म्हणालात, "अन् माणूस हाय म्हणून कोण बाजूला घेत न्हाई. माणूस मेला तर मालक वकील देतो. पत्र्यावर ओरखडा आला तर पगारातून कापतो. डायवर माणसाला भीत न्हाई, पत्र्याला भितो. म्हणून ह्यो गज." तुम्ही हे रागानं नाही सांगितलं. पेट्रोलचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी तेव्हा आठवीत होते आणि त्या दिवसापासून रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरचं तोंड मला नीट बघवत नाही. तुमचंसुद्धा.

गावानं हसून घेतलं. पारावरची माणसं ओरडायची, "आला, नवरदेवाचा घोडा आला. डीजे कुठं हाय रे?" भाऊ पायडल न थांबवता म्हणायचा, "डीजे मागून यायलाय, तुमी नाचायला लागा." त्याला लाज वाटत नव्हती. तो गेल्यावर मला कळलं की त्याला वाटत होती, पण त्यानं ती आम्हाला दाखवली नाही. आणि उपाय खरा होता, हेही लिहायला पाहिजे. मी त्याच्या मागं कॅरिअरवर बसून किती वेळा आले आहे. गजाच्या टोकापासून गाड्या अशा लांबून जायच्या, जसं काही तिथं साप बसलाय.

माझ्या सायकलीलाही तुम्ही तसाच गज बांधलात. शाळेतल्या मुली काय म्हणायच्या ते जाऊ द्या. एकदा दिव्याची बॅटरी वाटेतच संपली आणि मी तशीच घरी आले. तुम्ही दारात उभे होतात. मायनं ताट वाढलं होतं. तुम्ही ते ताट उचलून बाजूला ठेवलंत आणि तिला म्हणालात, "हिला कशाला वाढलीस? ही आज मेली. मेलेल्याला जेवण नसतं." मी रडले नाही, कारण रडलं की तुम्ही अजून बोलायचात. माय चुलीपुढं तशीच बसून राहिली. त्या वेळी तिनं हळूच एक भाकर माझ्याकडे सरकवली असती तर तुम्हाला दिसली असती. तिनं सरकवली नाही. मला तिचा राग आला होता. तुमचा आला नव्हता. तुमचा राग करायला आम्ही अजून शिकलो नव्हतो.

भाऊसाठी सोयरीक आली ती सेलूकडची. पाव्हणे मुलगा बघायला, घर बघायला येणार होते. मायनं आठ दिवस आधीपासून घर सारवलं, भिंतींना चुना दिला, शेजारून खुर्च्या आणल्या. त्या दिवशी सकाळी तिनं दारातली सायकल पाहिली. गज, वायरी, सीडी. तुम्ही शेतात होतात. ती भाऊला म्हणाली, "हे सोडून ठिव आजच्या दिवस. सर्कशीतलं घर वाटंल त्यांला." भाऊ म्हणाला, "अण्णा बोलतील." माय म्हणाली, "मी सांगते त्यांला." मग तिनंच पक्कड घेऊन तारा सोडल्या. पाव्हण्यांना मुलगा पसंत पडला. चहा झाला, परत एकदा चहा झाला, त्यात उशीर झाला. तुम्ही आत पाव्हण्यांपाशी होतात, आणि दूध नासेल म्हणून भाऊ घोट्यांचे दिवेही न बांधता घाईनं निघाला. जाताना मायला म्हणाला, "येताना पेढे आणतो." बोरीत दूध घालून परत येताना सेलूला कापूस टाकून रिकाम्या ट्रॉलीनं येणारा ट्रॅक्टर त्याच्या मागून आला. पेढे शर्टाच्या खिशात होते.

तुम्ही भाऊच्या अंगाकडे पाहण्याआधी सायकलीकडे पाहिलंत. मी तिथं होते. मोडलेल्या कॅरिअरवर हात फिरवून तुम्ही विचारलं, "गज कुठं हाय?" घरी आल्यावर माणसांनी भरलेल्या अंगणात तुम्ही परत विचारलं, "गज कुणी काढला?" आणि माय म्हणाली, "म्या काढला. पाव्हणे येणार व्हते." पुढं त्या ट्रॅक्टरवाल्यानं पोलिसांत सांगितलं की सायकलला काहीच दिवा नव्हता, अंधार पडला होता, मला दिसलाच नाही. कोर्टातही तेच सांगितलं. माय बाकावर बसून ते ऐकत होती.

तेराव्यानंतर तुम्ही चुलीच्या वरच्या भिंतीत दोन खिळे ठोकले आणि तो गज तिथं टांगला. भाकरी थापताना मान वर केली की दिसायचा. "बघत जा," एवढंच म्हणालात. मारहाण तुम्ही कधी केली नाही, लोक अजून सांगतात की तुमचा बाप सज्जन, बायकोवर हात टाकला नाही. मायनं चुलीवरून भगुणं उतरवलं की तुम्ही म्हणायचात, "काढायचं लय कळतं तुला." दिवाळीत तिनं पणत्या लावल्या तेव्हा म्हणालात, "आता लाव. आता लाव दिवे." माय कुणाच्या लग्नाला जाईनाशी झाली. हळदीकुंकवाला बायका बोलवायला आल्या की आतूनच सांगायची, अंगात कणकण हाय. मी नर्सिंगला परभणीला निघाले तेव्हा मला घर सोडायचं दुःख झालं नाही. तिला तुमच्यापाशी सोडायचं झालं.

एक दिवस मला फार स्पष्ट आठवतो. मी सुट्टीला आले होते. तुम्ही धुतलेला सदरा घालून सकाळच्या एसटीनं जिंतूरकडे गेलात आणि दिवस कलायच्या आत परत आलात. मायनं विचारलं, "कुठं गेल्ते?" तुम्ही म्हणालात, "कुठं न्हाई." मग हातपाय धुऊन तुम्ही चुलीपाशी आलात, गज खाली काढलात. मला वाटलं, संपलं. मायलाही वाटलं असणार, तिचे पिठाचे हात थांबले होते. तुम्ही रॉकेलचा बोळा घेऊन तो टोकापासून टोकापर्यंत पुसलात. "गंज चढायलाय," असं म्हणून परत तिथंच टांगलात आणि ताटावर बसलात. त्या दिवशी तुम्ही दोन भाकरी खाल्ल्या.

आता त्या माणसाचं. त्यानं पट्टी बांधून घेतली. मग म्हणाला, "बाई, मी तुमच्या बापाला तवाच सगळं सांगितलंय."

"काय सांगितलं?"

"ते आल्ते माझ्या घरी, जिंतूरकडं, धुतलेला सदरा घालून. मी पाय धरले त्यांचे. म्हणलं, मालक, मला डुलकी लागली व्हती. दोन दिवस जागा व्हतो, जिनिंगपुढं कापसाच्या लायनीत. सायकलला हजार दिवे असते तरी मला दिसले नसते. मी झोपलो व्हतो. वकिलानं शिकवलं म्हणून दिव्याचं बोललो."

"मग?"

"मग काय. तेबी डायवर. त्यांला कळलं. लय वेळ बसले. चहा केल्ता बायकोनं, त्यो पिले अन् गेले." नंतर त्यानं मला विचारलं, "बाई, पाय काढावा लागंल का?" मी म्हणाले, डॉक्टर सांगतील. पाय काढावाच लागणार आहे, मला दिसत होतं. मी सांगितलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मी तारखा जुळवत बसले नाही, सदरा जुळला तेवढं पुरे झालं. तुम्ही त्या घरी चहा प्यालात. मायनं गज काढल्यानं काही झालं नव्हतं हे तुम्ही त्याच्या तोंडून ऐकलंत, एसटीनं घरी आलात आणि तो गज पुसून परत टांगलात. त्यानंतर तुम्ही किती वर्षं जगलात अण्णा. अंथरुणाला खिळलात तेव्हा माय तुम्हाला भरवत होती आणि तिच्या हातचा घास तोंडात घेताना तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवायचात. तेव्हाही तुम्हाला बोलता येत होतं. पाणी मागत होतात.

मी पुष्कळ दिवस विचार केला. माय आता थकली आहे. अजूनही कुणाच्या पोराचं लग्न ठरलं की ती उठून आत जाते. तिला सांगितलं नाही तर ती हेच धरून जाईल, आणि सांगितलं तर तिला कळेल की ती कुणाबरोबर राहिली. गेल्या रविवारी गावी गेले. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसून सोलू लागले आणि सांगितलं. तो माणूस झोपला होता, दिवा असता तरी तेच झालं असतं, त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं. तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. दाणे सुपात टाकून म्हणाली, "मंग माझ्यामुळं न्हाई."

मी म्हणाले, "न्हाई माय. तुझ्यामुळं न्हाई."

मग तिनं विचारलं, "तुझ्या बापाला ठावं व्हतं का हे?"

मी म्हणाले, "न्हाई."

"ठावं असतं तर बोलले असते," ती म्हणाली, आणि पदरानं नाक पुसून सूप पुढं ओढलं.

हे मी तुमच्यासाठी केलं नाही. तुमचं नाव राखायचं मला काही कारण नाही. तिची इतकी वर्षं निदान एका चुकलेल्या माणसाबरोबर गेली असं तिला वाटावं, एवढ्यासाठी केलं. हे पत्र कुणाला द्यायचं नाही, घरात ठेवायचंही नाही, माय आता अक्षर लावून लावून वाचते. फक्त एक सांगते, आणि ते तुम्हालाच सांगता येतं. त्यानंतर मी दिवेलागणीपर्यंत तिच्यापाशी बसून राहिले ते शेंगांसाठी नाही. तिनं तुमच्याबद्दल परत एकदा विचारावं, याची मी वाट बघत होते. तिनं विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. तिनं विचारलं नाही.